'अपॅरंट' म्हणजे खरे की खोटे?

इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून 'अपॅरंट' हा शब्द काढा. एक अर्थ सापडेल : उघड, स्पष्ट, सहज दिसणारा. जरा खाली नजर टाकली की दुसरा सापडेल : भासमान, आभासी, वरवरचा. आता झाली की नाही पंचाईत? जे स्पष्ट आहे ते आभासी कसे? एकाच शब्दाने 'हे अगदी उघड आहे' असेही म्हणायचे आणि 'हे नुसते तसे दिसते, तसे असेलच असे नाही' असेही म्हणायचे, हा काय प्रकार आहे?

दहावीपर्यंत मराठीतून शास्त्र शिकून अकरावीला इंग्रजी पुस्तके हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द पावलोपावली भेटतो. अपॅरंट डेप्थ, अपॅरंट मॅग्निट्यूड, अपॅरंट मोशन, अपॅरंट वेट, अपॅरंट सोलर टाइम. तो बिचारा प्रत्येक ठिकाणी 'आभासी' हा एकच शब्द बसवतो, मनातल्या मनात त्याचे 'खोटे' असे भाषांतर करतो आणि पुढे जातो. खोटी खोली, खोटे तेज, खोटी वेळ! घोटाळा होतो तो इथेच. शास्त्रज्ञ जेव्हा अपॅरंट म्हणतो, तेव्हा तो खोटे म्हणत नसतो. मग तो काय म्हणत असतो?

शब्दाचे घराणे

हा शब्द लॅटिन भाषेतून आला. 'अप्पारेरे' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ समोर येणे, नजरेस पडणे. अपिअर, अपिअरन्स ही त्याचीच भावंडे. ज्याच्या आरपार पलीकडचे नजरेस पडते ते ट्रान्स्परंट, म्हणजे पारदर्शक, हाही त्याच घराण्यातला. तेव्हा अपॅरंट म्हणजे मुळात 'नजरेस पडणारा', 'दिसणारा'. खरा की खोटा, याबद्दल मूळ शब्द काहीच बोलत नाही.

आणि इंग्रजांना हसण्याचे आपल्याला तरी काय कारण? आपले 'दिसणे' हे क्रियापद घ्या. 'प्रयोगावरून असे दिसून आले की हवेला वजन असते.' इथे दिसून आले म्हणजे सिद्ध झाले, उघड झाले. आता दुसरे वाक्य : 'तो दिसतो गरीब, पण आहे मोठा बिलंदर.' इथे दिसतो म्हणजे नुसता वरवर दिसतो, तसा नाही. पहिल्या वाक्यातले दिसणे पक्के आणि दुसऱ्यातले कच्चे. तुम्ही आम्ही रोज ही दोन्ही वाक्ये बोलतो आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. अपॅरंटची गोष्ट नेमकी तशीच आहे.

इंग्रजी वाचताना कोणता अर्थ घ्यायचा हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. 'इट बिकेम अपॅरंट दॅट द ब्रिज वॉज अनसेफ', पूल धोक्याचा झाला आहे हे उघड झाले. इथे अपॅरंट क्रियापदाच्या मागून आला आहे. अशा जागी अर्थ बहुधा 'उघड' असा असतो. उलट 'द अपॅरंट कॉज ऑफ द फायर', म्हणजे आगीचे वरवर दिसणारे कारण. शब्द नामाच्या आधी विशेषण म्हणून बसला की तो सावध होतो, 'सध्या तरी असे दिसते' एवढेच सांगतो. शास्त्रातले जवळजवळ सगळे अपॅरंट या दुसऱ्या जागेवर बसलेले आहेत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. राजाच्या थोरल्या वारसाला मात्र 'एअर अपॅरंट' म्हणतात. तिथे शब्द नामाच्या मागे आहे आणि अर्थ 'ज्याचा हक्क उघड आहे असा वारस'. पुढे दुसरे मूल जन्मले तरी त्याचा हक्क जात नाही. त्याला 'आभासी वारस' म्हणाल तर राजवाड्यात गोंधळ उडेल!

'अपॅरंटली' या क्रियाविशेषणाने तर अनेकांना फसवले आहे. त्याचे भाषांतर 'स्पष्टपणे' असे करू नका. 'अपॅरंटली ही हॅज गॉन टु नागपूर' याचे मराठी 'तो स्पष्टपणे नागपूरला गेला आहे' असे होत नाही. बोलणाऱ्याने त्याला जाताना पाहिलेले नाही. ऐकले आहे, किंवा दाराला कुलूप पाहून तर्क केला आहे. मराठीत यासाठी दोन अक्षरांचा फार सुंदर शब्द आहे : 'म्हणे'. 'तो म्हणे नागपूरला गेला.' एवढ्याशा 'म्हणे'त बोलणाऱ्याने आपली जबाबदारी किती हुशारीने बाजूला ठेवली आहे पाहा.

चंद्र केवढा?

आता शास्त्राकडे वळू. पौर्णिमेच्या रात्री चार मित्रांना विचारा, 'चंद्र केवढा दिसतो?' एक म्हणेल थाळीएवढा, दुसरा भाकरीएवढा, तिसरा रुपयाएवढा. भांडण लागेल आणि ते मिटणार नाही, कारण चौघांनीही एक गोष्ट सांगितलेली नाही : थाळी किती अंतरावर धरलेली? नाकासमोर धरलेली थाळी चंद्रासकट निम्मे आकाश झाकेल, शेतापलीकडे नेलेली थाळी ठिपक्याएवढी दिसेल.

म्हणून शास्त्रज्ञ दिसणारा आकार सेंटिमीटरमध्ये सांगतच नाहीत, कोनात सांगतात. चंद्राच्या एका कडेपासून आणि दुसऱ्या कडेपासून आपल्या डोळ्यापर्यंत दोन रेषा काढल्या तर त्यांच्यात साधारण अर्ध्या अंशाचा कोन होतो. हा चंद्राचा 'अपॅरंट साइझ'. कोणतीही गोल वस्तू स्वतःच्या व्यासाच्या सुमारे ११० पट अंतरावर धरली की ती चंद्राला बरोबर झाकते. २.२ सेंटिमीटर व्यासाचे नाणे असेल तर ते सुमारे २.४ मीटर दूर हवे. हात लांब करून चिमटीत मटारचा एक दाणा धरा, त्याच्यामागे सबंध चंद्र लपतो. करून पाहा, कोणाचाही प्रथम विश्वास बसत नाही. (हा प्रयोग सूर्यावर मात्र कधीही करू नका. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे आहे.)

चंद्राचा खरा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि सूर्याचा सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. सूर्य चारशे पट मोठा, पण तो जवळजवळ तितक्याच पट दूरही आहे. त्यामुळे दोघांचा दिसणारा आकार जवळजवळ सारखा येतो. आता सांगा, हा 'दिसणारा आकार' खोटा म्हणायचा का? १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटकातील रायचूर आणि आसपासच्या पट्ट्यात भरदिवसा अंधार झाला, तो या दिसणाऱ्या आकारामुळेच. त्या दिवशी चंद्राचा कोन सूर्याच्या कोनापेक्षा किंचित मोठा होता, म्हणून खग्रास ग्रहण झाले. २६ डिसेंबर २०१९ रोजी परिस्थिती उलट होती. डिसेंबरअखेर पृथ्वी सूर्याला त्यातल्या त्यात जवळ असते, त्यामुळे सूर्य किंचित मोठा दिसतो. त्या दिवशी चंद्राचा कोन कमी पडला, सूर्याची कडा झाकली गेली नाही, आणि केरळ, तमिळनाडू व कर्नाटकाच्या काही भागांतून सूर्याची बांगडी दिसली. महाराष्ट्रात आपण खंडग्रास ग्रहणावर समाधान मानले. दोन्ही ग्रहणांत चंद्र तोच, सूर्य तोच. बदलले होते ते फक्त दिसणारे आकार.

इथे एक प्रश्न हुशार वाचकाच्या मनात आला असेल. उगवताना चंद्र केवढा मोठा दिसतो, आणि डोक्यावर आला की लहान होतो. हाही अपॅरंट साइझमधला फरक का? नाही! मटारचा दाणा घेऊन दोन्ही वेळा मोजून पाहा. उगवत्या चंद्राचा कोन वाढलेला नसतो. उलट डोक्यावरचा चंद्र आपल्याला पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे जवळजवळ ६,४०० किलोमीटर अधिक जवळ असतो, त्यामुळे तोच एखाद्या साठांशाने मोठा भरतो. क्षितिजावरचा तो प्रचंड चंद्र आपल्या मेंदूने मोठा केलेला असतो. हा दृष्टिभ्रम आहे. इंग्रजीत त्याला 'इल्यूजन' असा वेगळा शब्द आहे.

फरक ओळखायला एक कसोटी सांगतो. तुमच्या जागी कॅमेरा ठेवा. कॅमेऱ्यालाही जे तसेच दिसते ते अपॅरंट. आणि जे तुम्हाला दिसते पण फोटोत येत नाही, तो भ्रम. उगवत्या चंद्राचा फोटो काढून निराश झालेली मंडळी तुमच्या घरातही असतील. ही कसोटी भौतिकशास्त्रात आणि खगोलशास्त्रात चांगली चालते. मानसशास्त्रज्ञ मात्र आपली पायवाट वेगळी काढतात. सिनेमात सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक येतात आणि आपल्याला माणूस चालताना दिसतो. पडद्यावर कोणीच चालत नसते. जर्मनीतील माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये अशा दिसणाऱ्या हालचालीचा प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. तिलाही इंग्रजीत 'अपॅरंट मोशन' असेच म्हणतात. भाषेतल्या शब्दांना कुंपण घालता येत नाही, हेच खरे.

वजनाचा प्रकारही असाच. लिफ्ट वर जायला निघते त्या क्षणी आपण जड झालो असे वाटते. हा मनाचा खेळ नव्हे. लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवून त्यावर उभे राहा, काट्यालाही तेच वाटते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अवकाश स्थानकात पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के शिल्लक असते, तरी अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक आणि ते एकत्रच 'पडत' असतात. त्यांचे अपॅरंट वेट शून्य.

ताऱ्यांच्या तेजाविषयी थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात रात्री दक्षिणेकडे दोन तेजस्वी तारे दिसतात : व्याध आणि त्याच्या बराच खाली अगस्त्य. ताऱ्यांचे दिसणारे तेज 'प्रत' या मापाने सांगतात, आणि हे माप जितके लहान तितका तारा तेजस्वी. व्याधाची दृश्य प्रत उणे १.४६, अगस्त्याची उणे ०.७४, म्हणजे व्याध अगस्त्याच्या जवळजवळ दुप्पट तेजस्वी दिसतो. पण व्याध आहे अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर, आणि अगस्त्य सुमारे ३०० प्रकाशवर्षांवर! दोघांना एकाच अंतरावर नेऊन ठेवता आले असते तर अगस्त्यापुढे व्याध फिका पडला असता. व्याध आपल्या सूर्याच्या सुमारे २५ पट तेजस्वी आहे, तर अगस्त्य हजारो पट. हे कळले कशावरून? आधी दिसणारे तेज काळजीपूर्वक मोजले, मग अंतर मोजले आणि दोहोंवरून हिशेब केला. दिसणारे तेज खोटे म्हणून टाकून दिले असते तर खऱ्यापर्यंत जाण्याची वाटच उरली नसती.

पंचांगातला 'स्पष्ट'

मला सर्वांत आवडते उदाहरण वेळेचे आहे. अंगणात एक काठी सरळ उभी करा आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते घड्याळात पाहा. हा तुमच्या गावचा खरा मध्यान्ह. मुंबईत नोव्हेंबरच्या आरंभी हे १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास घडते, आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास. अर्ध्या तासाचा फरक! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला, म्हणून मुंबईचा मध्यान्ह सरासरीने ३९ मिनिटे उशिरा होतो, हे ठीक. पण ऋतूनुसार तो मागेपुढे का सरकतो? कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे तिची गती वर्षभर सारखी नसते, आणि तिचा अक्षही २३.५ अंशांनी कललेला आहे. या दोन कारणांमुळे सूर्याचा एक मध्यान्ह ते दुसरा मध्यान्ह हा काळ रोज बरोबर २४ तासांचा नसतो.

घड्याळाला असला लहरी सूर्य कसा चालणार? म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी एक काल्पनिक, वर्षभर एकाच गतीने चालणारा सूर्य मानला. त्याचे नाव 'मीन सन', मध्यम सूर्य. आपली घड्याळे त्याच्यावर चालतात. आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या, सावली पाडणाऱ्या सूर्याच्या वेळेला नाव दिले 'अपॅरंट सोलर टाइम'. आता गंमत पाहा. इथे जो अपॅरंट आहे तो प्रत्यक्ष सूर्य आहे, आणि जो अपॅरंट नाही तो काल्पनिक! याचे भाषांतर 'आभासी सौर वेळ' असे केले तर अर्थ अगदी उलटा होतो.

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितज्ञांनी मात्र यासाठी नेमका शब्द वापरला होता. सूर्यसिद्धान्ताचा पहिला अध्याय मध्यमाधिकार आणि दुसरा स्पष्टाधिकार. आधी ग्रह सारख्या गतीने चालतो असे धरून त्याची 'मध्यम' जागा काढायची, मग दुरुस्त्या करून तो आकाशात जिथे नजरेस पडेल ती 'स्पष्ट' जागा काढायची. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सुमारे १५२० साली लिहिलेल्या ग्रहलाघवात हीच रीत आहे, आणि पंचांगात 'स्पष्ट ग्रह' हे शब्द तुम्ही आजही पाहाल. 'स्पष्ट' हा शब्द संस्कृतातील 'स्पश्' म्हणजे पाहणे या धातूपासून झाला. स्पष्ट म्हणजे पाहिलेला, दिसलेला. अपॅरंट म्हणजेही तेच! लॅटिनमधील पाहणे या अर्थाचा 'स्पेक्' हा धातू आणि आपला 'स्पश्' एकाच मुळाचे आहेत, म्हणून स्पेक्ट्रम हा शब्दही आपल्या 'स्पष्ट'चा दूरचा चुलतभाऊ लागतो. असो, भाषेच्या नादाने फार लांब गेलो.

पंचांगातलाच आणखी एक शब्द 'वक्री'. मंगळ वक्री झाला की घरात कोणीतरी काळजीत पडते. मंगळ काही खरोखर मागे फिरत नाही. तुमची गाडी शेजारच्या रुळावरच्या सावकाश गाडीला मागे टाकते, तेव्हा ती गाडी मागे जाताना दिसते ना? आतल्या कक्षेतली पृथ्वी दर २६ महिन्यांनी मंगळाला असेच मागे टाकते, आणि मग दोन-अडीच महिने तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकताना दिसतो. ही त्याची अपॅरंट मोशन. मंगळ रागावलेला नसतो, आपण पुढे निघालेलो असतो.

दिसणारी खोली

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. पाण्याचा तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचे किरण वाकतात आणि डोळ्याला ते तळाहून वरच्या जागेवरून आल्यासारखे पोचतात. अगदी सरळ वरून पाहिले तर दिसणारी खोली खऱ्या खोलीच्या तीन-चतुर्थांश असते. म्हणजे आठ फूट पाणी सहा फूट दिसते. काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही कमी.

तुमच्या क्रमिक पुस्तकात याला 'आभासी खोली' म्हटले असेल. आरशातल्या 'व्हर्च्युअल' प्रतिमेलाही आपण 'आभासी' प्रतिमा म्हणतो. दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांना मराठीत एकच शब्द मिळाला, आणि त्यातून खोटेपणाचा वास येतो, हे मला पटत नाही. 'दृश्य खोली' किंवा सरळ 'दिसणारी खोली' म्हणावे. कारण ही खोली मोजता येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चल सूक्ष्मदर्शकाखाली काचेची वडी ठेवून तिची दिसणारी जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. १५ मिलिमीटर जाडीची वडी १० मिलिमीटर भरली, तर १५ भागिले १० म्हणजे १.५ हा त्या काचेचा वक्रीभवनांक. आभासातून एवढे नेमके उत्तर निघेल का?

पण प्रयोगशाळेतली वडी वेगळी आणि विहीर वेगळी. समजा, तुमची उंची १४० सेंटिमीटर आहे आणि समोरच्या खाणीच्या डबक्यात १६० सेंटिमीटर पाणी आहे. पाणी नितळ आहे, तळाचे दगड स्वच्छ दिसत आहेत. सरळ वरून पाहिले तरी ते १२० सेंटिमीटर खोल वाटेल, म्हणजे गळ्याइतके. काठावर उभे राहून तिरपे पाहिले तर छातीइतकेच. तुम्ही निर्धास्तपणे उतरता, आणि पाणी डोक्यावरून वीस सेंटिमीटर जाते. गढूळ पाण्याला माणूस भितो, त्याचा तळच दिसत नाही. नितळ पाणी अधिक धोक्याचे, कारण त्याचा तळ 'दिसतो'. भाल्याने मासे मारणारे लोक मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरतात, त्यांनी वक्रीभवनाचा धडा वाचलेला नसतो. दर उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीत, तलावात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. अनोळखी पाण्यात उतरण्यापूर्वी खोली काठीने किंवा दगड बांधलेल्या दोरीने मोजायची असते, डोळ्याने नव्हे.

आणि बुडणाऱ्यांच्याच संदर्भात हा शब्द एकदा फार मोठ्या कामी आला. अठराव्या शतकात पाण्यातून निश्चेष्ट माणूस बाहेर काढला की तो मेला असे धरून लोक मोकळे होत. श्वास दिसत नाही, हालचाल दिसत नाही, मग आणखी काय पाहायचे? १७६७ साली हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम शहरात या समजुतीविरुद्ध काम करणारी एक संस्था निघाली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी १७७४ साली लंडनमध्ये तशीच संस्था काढली. तिचे नाव होते 'सोसायटी फॉर द रिकव्हरी ऑफ पर्सन्स अपॅरंटली ड्राउन्ड'. म्हणजे 'बुडून मेल्यासारख्या दिसणाऱ्या व्यक्तींना शुद्धीवर आणण्यासाठी मंडळ'. या नावातला 'अपॅरंटली' काढून पाहा. बुडून मेलेल्यांना शुद्धीवर आणणारे मंडळ! लोकांनी वेड्यात काढले असते. त्या एका शब्दाने सांगितले की हा माणूस मेलेला दिसतो आहे, मेला आहे की नाही ते अजून ठरलेले नाही, प्रयत्न करा.

संस्थेने थेम्स नदीच्या काठावरील लोकांना प्रयत्न करण्याबद्दल बक्षिसे लावली. तोंडाने किंवा भात्याने छातीत हवा भरणे, अंग शेकणे असे उपाय ती सांगत असे. त्यांत शरीरात तंबाखूचा धूर फुंकण्यासारखा एक निव्वळ निरुपयोगी प्रकारही होता, आणि तो पुढे सोडून दिला गेला. श्वास देण्याची कल्पना मात्र टिकली. बुडालेल्या आणि श्वास थांबलेल्या माणसाला आज प्रथम कृत्रिम श्वास देतात, त्याबरोबर छाती लयीत दाबतात, आणि हे सारे पाण्याबाहेर काढल्याबरोबर, पहिल्या काही मिनिटांत सुरू करतात. त्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसण्यात ही मोलाची मिनिटे वाया जातात. अधूनमधून आचका दिल्यासारखी धाप लागली तर तो श्वास चालू आहे असे 'दिसते', पण तो पुरेसा श्वास नसतो, मदत थांबवायची नसते. तुम्ही स्वतः पोहणारे नसाल तर त्याच्यामागे उडी न टाकता दोर, बांबू, रिकामा प्लॅस्टिकचा डबा असे काही त्याच्याकडे फेका, मोठ्यांना हाक मारा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. कृत्रिम श्वास आणि छाती दाबणे हे नुसते वाचून येत नाही, ते प्रशिक्षण घेऊन शिकावे लागते. शाळेत कधी असे शिबिर झाले तर चुकवू नका.

लंडनच्या त्या मंडळाने दोन वर्षांतच, १७७६ साली, आपले लांबलचक नाव सोडून 'ह्यूमेन सोसायटी' असे सुटसुटीत नाव घेतले, आणि १७८७ मध्ये त्याला 'रॉयल' ही पदवी जोडली गेली. ती संस्था आजही चालू आहे, आणि दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांना पदके देते.